राखेत धुतलेल्या गोळ्या

आमच्या घरात आता राख नाही. गॅस आल्यावर चूल परसात गेली आणि दोन वर्षांपूर्वी सुनेने तीही मोडून तिथे वॉशिंग मशीनसाठी ओटा करून घेतला. भांडी हिरव्या साबणाने घासली जातात. साबण वाईट नाही. पण तांब्याच्या हंड्याला तो काही करत नाही, आणि त्याचा लिंबाचा वास हाताला दिवसभर राहतो. लिंबू मात्र त्यात कुठे नसतं.

पूर्वी राख ही मिठासारखी घरातली वस्तू होती. बाभळीची राख पांढरी आणि जड. आंब्याची काळपट. पाचटाची इतकी हलकी की फुंकर मारली की डोळ्यांत. आम्ही बाभळीची जपून ठेवायचो. सकाळी चुलीतून काढायची, गार झाली की जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायची आणि पत्र्याच्या डब्यात भरायची. तिने भांडी घासायची, दात घासायचे. हुलगे कणगीत भरताना राखेत घोळायचे, म्हणजे किडा लागत नसे. साबणाची वडी होती, ती पाहुण्यांसाठी. रोजच्या कपड्यांना आई राखेचं पाणी करायची. मडक्यात राख आणि वर पाणी, ढवळून ठेवून द्यायचं, आणि सकाळी वरचं निवळ गाळून घ्यायचं. हाताला ते बुळबुळीत लागे. त्यात मळकी धोतरं बुडवून ठेवली की बगळ्यासारखी निघत. मी परकर नेसत होते तेव्हापासून हे काम मला येतं.

हे सांगायचं कारण, या राखेपायी मी एका मुलीची पीएचडी घालवायला निघाले होते.

मी चौथी शिकले. आमचे मालक गेल्यावर शेत दिरांनी कसायला घेतलं आणि मला ओतूरकडच्या एका कॉलेजात काम लागलं, रोजंदारीवर. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये झाडायचं, पुसायचं आणि काचेची भांडी धुवायची. पहिल्या दिवशी तिथले सर म्हणाले, "मावशी, तीन गोष्टी. इथलं एकही भांडं तोंडाला लावायचं नाही. काही हुंगायचं नाही. आणि आपल्या मनाने काहीही करायचं नाही."

पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

लॅबच्या मागे एक लहान खोली होती. तिथे सरांचं संशोधन चालायचं. हातभर लांबीची स्टीलची नळी, तिच्याभोवती विजेची भट्टी, आणि बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात दोन सिलिंडर. एकात हायड्रोजन. दुसऱ्यात एक वायू होता, ज्याला वास नसतो आणि जो हुंगून माणूस झोपेतच जातो.

"शेगडीचा वायू का?" मी विचारलं. आमच्या आळीत एका थंडीत नवरा-बायकोने दारं लावून कोळशाची शेगडी आत घेतली होती. सकाळी दोघंही उठली नाहीत.

"तोच," सर म्हणाले आणि माझ्याकडे जरा नीट बघू लागले.

भिंतीवर एक डबी होती. ती वाजली की हातातलं टाकून बाहेर पळायचं. माझ्या काळात ती तीनदा वाजली. त्यात दोनदा तिचीच बॅटरी संपली होती.

सरांचं म्हणणं असं, की हे दोन्ही वायू उसाच्या चिपाडातून, काडीकचऱ्यातून, कशातूनही काढता येतात. ते एकत्र करून तापल्या नळीतून नेले की दुसऱ्या टोकाला तेल निघतं. डिझेलसारखं. जमिनीतून उपसलेलं नाही, माणसाने केलेलं. पण नळी रिकामी असेल तर काही होत नाही, जसे वायू आत गेले तसे बाहेर येतात. आत गोळ्या लागतात. सगळी करामत त्या गोळ्यांची.

गोळ्या दिसायला साबुदाण्यासारख्या, पांढऱ्या, कडक. हातात घेतल्या तर हलक्या, कारण आतून भोकंच भोकं. त्या लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायच्या, वाळवायच्या, मग भट्टीत भाजायच्या. बाहेर येत तेव्हा गेरूच्या रंगाच्या झालेल्या असत. मी सरांना विचारलं होतं, लोखंडच पाहिजे तर नळीत खिळे का टाकत नाही? ते म्हणाले, "मावशी, कुरडयांचा चीक तुम्ही एका ढिगात वाळवता का?" मला समजलं. पसरल्याशिवाय आतल्याला ऊन लागत नाही. गोळी म्हणजे लोखंड पसरायची बाज.

त्या खोलीत काम करायची ती मुलगी डिंभ्याकडची. बापाची धरणाच्या पाण्यात मासेमारी, वरच्या अंगाला भाताचं एक खाचर. घरात शिकलेली ही पहिलीच. ओतूरला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी गावी जायची. घोडेगावपर्यंत गाडी मिळे, पुढची एसटी आली तर आली. सोमवारी कधी कधी दुपारी पोचायची, चपला हातात घेऊन, आणि कोणी काही बोलायच्या आत म्हणायची, "गाडी नाय आली. चालत आले निम्मी वाट."

एकदा मी तिला विचारलं, तू नेमकं करतेस काय.

"मावशी, मी प्रमोटर शोधती."

"मंग इथं कशाला बसलीस? नारायणगावला हायवेला जा. बिल्डर अँड प्रमोटर, बोर्डच बोर्ड हायेत."

ती ओट्याला धरून हसली. मग तिने सांगितलं. लोखंड काम करतं, पण आपल्या मनाने करतं. त्याला तेल करायला सांगितलं तर अर्ध्याचा नुसता गॅस करून ठेवतं. म्हणून त्याच्या शेजारी दुसऱ्या एखाद्या धातूचं भस्म चिमूटभर बसवायचं. ते भस्म स्वतः काही करत नाही, पण लोखंडाला वळण लावतं. त्याला म्हणायचं प्रमोटर.

"भस्म म्हंजी? वैद्य देतो तसलं?"

"तसलंच. धातू भाजून उरतं ते. मँगनीजचं, झिरकोनियमचं, सिरियमचं. कोणतं बसतंय ते बघायचं."

"पापडखारासारखं म्हण की."

"व्हय! आनि पापडखार जास्त झाला तर?"

"पापड लाल पडतो. कडू लागतो."

"इथंबी तेच. भस्म जास्त झालं की लोखंडावरच बसतं. मंग वायूला लोखंड भेटतच नाय."

त्यानंतर आमचं जमलं. तिच्या बाटल्या मी सगळ्यांच्या आधी धुवायची. तिला घाई असे आणि ती घाई दाखवत नसे. मागच्या खोलीत भट्टीची ऊब असायची. थंडीत मी मुद्दाम तिथलं पुसायचं काम लांबवायची. ती वहीत आकडे लिहायची, मी फडकं पिळायची, आणि नळीच्या खाली बर्फात ठेवलेल्या बाटलीत एकेक थेंब पडायचा. दोन थेंबांच्या मध्ये किती वेळ जाई! आम्ही दोघी थेंबाची वाट बघत बोलायचो, कशाबद्दलही. तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या जावेबद्दल. तसा वेळ आता माझ्याकडे पुष्कळ आहे, पण पडणारा थेंब नाही.

बाटलीत दरवेळी पाणीच जास्त यायचं. वर तेलाचा पापुद्रा, वरणावर तूप कमी पडलं की दिसतो तेवढाच. झिरकोनियम झालं, सिरियम झालं. मँगनीज लावून पाहिलं, त्यात जरा बरं. वर्ष-दीड वर्ष असंच गेलं.

मग माझ्या हातून गोळ्या सांडल्या.

मी फळी पुसत होते. पांढऱ्या, न भिजवलेल्या गोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा होता, झाकण नीट लागलेलं नव्हतं. डबा आडवा झाला आणि गोळ्या खोलीभर पळाल्या. टेबलाखाली, सिलिंडरच्या पाइपामागे, सगळीकडे. फरशीवर सकाळच्या पोरांच्या बुटांची माती तशीच होती, आणि तिच्यावर मी नुकतंच फिनेल ओतलं होतं. तो डबा किती पत्रं लिहिल्यावर आला होता ते मला माहीत होतं, कारण ती पत्रं पोस्टात मीच टाकली होती.

खोलीत कोणी नव्हतं. मी एकेक गोळी वेचली. नळाखाली धरली, तर माती गेली पण पिवळट डाग राहिले. असा डबा फळीवर ठेवला तर विचारतील. सगळ्या गोळ्या रुमालात बांधल्या आणि घरी आणल्या.

डाग म्हटल्यावर मला एकच उपाय माहीत होता. बाभळीच्या राखेचं निवळ काढून त्यात गोळ्या भिजत घातल्या. सकाळी दोन पाण्यांनी धुतल्या आणि सुपात पसरून उन्हात ठेवल्या. कोंबडीने दोन-तीन खाल्ल्या. तिला काही झालं नाही. दुपारी गोळ्या डब्यात, डबा फळीवर, झाकण घट्ट.

सरांनी डबा उघडला नाही. मुलीने उघडला.

"मावशी, ह्या लई पांढऱ्या दिसत्यात."

"उन्हाळा हाय," मी म्हणाले. त्या बोलण्याचा अर्थ काय होता ते मला अजून माहीत नाही. पण तिने मान हलवली.

त्या गोळ्यांवर तिने मँगनीज आणि लोखंड चढवलं, भाजलं आणि नळीत भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन आत गेले तर ती बाटलीसमोर उकिडवी बसलेली. बाटलीत करंगळीच्या पेराएवढं तेल. वर पांढरं मेण धरलेलं, थंडीत खोबरेल धरतं तसं. वास रॉकेलचा, पण त्यातली घाण काढून टाकल्यासारखा. मला एकदम आमचा पितळी स्टो आठवला, त्याची पिन आणि भडकल्यावर मागे सरकणारी मी.

"हात नका लावू," ती म्हणाली. मी लावणार नव्हते.

सर आले, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मँगनीज!" ते म्हणाले आणि टेबलावर थाप मारली. सोमवारी मुलगी गावाहून येताना आईने तळून दिलेले मासे घेऊन आली, स्टीलच्या डब्यात. सर माळकरी, त्यांच्यासाठी पेढे. मासे आम्ही दोघींनी लॅबच्या मागच्या पायरीवर बसून खाल्ले. धरणाच्या पाण्यातल्या माशाला काटे फार, पण मसाला आमच्यापेक्षा वेगळा, मिरी जास्त. ती चव लक्षात आहे.

सरांनी पुण्याला कळवलं. पुण्याच्या मोठ्या लॅबने उत्तर दिलं, छान, पुन्हा करून दाखवा.

डब्यातल्या गोळ्या संपल्या होत्या. नवा डबा आला, त्याच कंपनीचा, तसाच. मुलीने तेवढंच लोखंड घेतलं, तेवढंच मँगनीज घेतलं, आणि बाटलीत आला पापुद्रा. पुन्हा केलं. पापुद्रा. तिसऱ्यांदा तिने वजन दोनदा केलं आणि सरांना समोर उभं करून भट्टी लावली. पाणी आणि पापुद्रा.

तेव्हा मी फरशी पुसत होते. बाई पुसत असली की ती खोलीत नाहीच असं समजून लोक बोलतात.

सर म्हणाले, "एकदाच येतो त्याला निकाल म्हणत नाहीत. एकतर तू वजन चुकवलंस, नाहीतर आकडा मनाने लिहिलास."

"सर, तेल तुम्ही बघितलं व्हतं."

"बाटलीत तेल दिसलं होतं. ते या नळीतून आलं हे मी बघितलं नाही."

तिने वही मिटली. सर आवाज न चढवता म्हणाले, "दिवाळीपर्यंत पुन्हा आलं नाही तर तुझ्या कागदावर मी सही करणार नाही. दुसरे गाइड बघ. खोटेपणा मी खपवून घेत नाही."

सर वाईट नव्हते. त्यांचं नाव पुण्याला गेलं होतं आणि ते आता परत आणायचं होतं.

संध्याकाळी ती सिंकपाशी उभी होती. मी बाटल्या घासत होते, ती पुसत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नाही, तेव्हाही नाही.

"आमची जमीन धरणात गेली," ती म्हणाली. "पर ती पाण्याखाली हाय म्हणून दावता तरी येती. उन्हाळ्यात बांध उघडा पडतो, बाप बोट करून सांगतो, ते आपलं. माझी ही वर्षं मी कुठं दावू, मावशी?"

मी बाटली घासत राहिले.

"क्षार तोच. भट्टी तीच. पाणी तेच. हात माझेच." ती बोटं मोडत होती. "डबा तेवढा नवा."

माझ्या हातातली बाटली निसटली, फुटली नाही. तोवर मला खरोखर सुचलं नव्हतं. गोळ्या पांढऱ्या झाल्या, विषय संपला, असंच मी धरून चालले होते. आता कळलं, आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले तेही लिहिते. माझा कायम होण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता. एवढी वर्षं रोजंदारी केल्यावर तो तिथवर पोचला होता. सांडलं हे सांगायचं, लपवलं हे सांगायचं, घरी नेलं हेही सांगायचं, म्हणजे कागद गेला. मी मनाशी म्हटलं, राखेने काय होतंय? राखेने भांडी निघतात. मला काय कळतं यातलं, चौथी शिकलेली बाई. ज्या गोष्टीसाठी आपल्याला कमी समजतात, तीच गोष्ट अंग चोरायला बरी पडते.

दोन दिवस असे काढले. तिसऱ्या दिवशी ती वह्या आवरायला लागली. दिवाळीची वाट बघायची नाही असं तिने ठरवलं होतं. वह्या पिशवीत भरल्या आणि माशांचा तो स्टीलचा डबा धुऊन माझ्यापुढे धरला.

"मावशी, ह्यो तुमाला राहू द्या. मला आता ओतूरला डब्याचं काय काम?"

डबा चांगला होता, जाड पत्र्याचा. तो घेऊन घरी जायचं, त्यात भाकरी बांधायची आणि गप्प बसायचं, हे मला जमेना. बाकी काही मोठं मनात आलं नाही.

"ठेव खाली," मी म्हणाले. "आनि माझ्यासंगं चल."

सर खुर्चीत पेपर तपासत होते.

"सर, त्या गोळ्या मी धुतल्या व्हत्या."

"कोणत्या गोळ्या?"

"जुन्या डब्यातल्या. तेल आलं त्या. खाली सांडल्या व्हत्या."

"पाण्याने धुतल्या?"

"राखंच्या पान्यानं. घरी नेऊन."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तोंडाला लावायचं न्हाई. हुंगायचं न्हाई."

"तिसरं?"

"तिसरं ऱ्हायलं."

ते माझ्यावर ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं. पण मुलगी मध्येच बोलली, अगदी हळू. "सर, राखेत पोटॅश असतं."

सरांचं तोंड तसंच राहिलं. मग मिटलं.

"तुमचं ते भस्मच की," मी म्हणाले. "फक्त चुलीतलं."

मुलीकडे तेल आलेल्या गोळ्यांतल्या चिमूटभर राखून ठेवलेल्या होत्या, चिठ्ठी लावलेल्या लहान बाटलीत. त्या पुण्याला तपासायला गेल्या. तोवर सरांनी मला घरून राख आणायला सांगितली. मी पत्र्याचा डबाच उचलून आणला. ज्या माणसाने राखेबद्दल मला झापायचं, तोच माझ्याशेजारी बसून निवळ कसं गाळतात ते वहीत लिहीत होता. राख किती? दोन ओंजळी. म्हणजे किती ग्रॅम? ते तुम्ही मोजा. किती वेळ ठेवायचं? कोंबडा आरवेपर्यंत. हेही त्यांनी लिहिलं असावं.

नव्या डब्यातल्या गोळ्यांचे तीन वाटे केले. एक तसाच ठेवला. एक मी नेहमीसारखा राखेच्या पाण्यात घालून दोन पाण्यांनी धुतला. तिसरा सरांनी मुद्दाम दाट निवळात दोन दिवस ठेवला आणि धुतला नाही. तिन्हींवर मुलीने सारखंच लोखंड आणि सारखंच मँगनीज चढवलं.

पहिल्या वाट्याचा पापुद्रा आला. दुसऱ्याचं करंगळीच्या पेराएवढं तेल आलं, वर मेण. तिसऱ्याचं जवळजवळ काहीच नाही.

"पापड लाल पडला," मुलगी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. सरांना त्यातलं काही कळलं नाही.

पुण्याचा कागद आला, त्या राखून ठेवलेल्या गोळ्यांत पोटॅशियम निघालं होतं. मग सरांनी राख बंद केली आणि बाटलीतलं विकतचं पोटॅश वजन करून वापरलं. तिने पुन्हा सगळं केलं. एकटं मँगनीज, एकटं पोटॅश, दोन्ही मिळून, कमी, जास्त. एकट्या मँगनीजने थोडं सुधारायचं. एकट्या पोटॅशनेही. दोन्ही बेताने घातली की लोखंड नीट वागायचं. आणखी एक वर्ष गेलं त्यात, पण ते वर्ष तिला दाखवता येणारं होतं.

मला प्राचार्यांनी मेमो दिला. मी सही केली. सिंकच्या वर एक पाटी लागली, प्लॅस्टिकमध्ये घालून: या खोलीत राख आणण्यास सक्त मनाई आहे. नवीन आलेली पोरं विचारायची, मावशी, लॅबमध्ये राख कोण आणतंय? मी म्हणायची, वाचता येतंय ना? मग नका आणू.

कायम होण्याचा कागद टेबलावरून कपाटात गेला आणि तिथेच राहिला. रोजंदारीवाल्याला निवृत्ती नसते. एक दिवस बोलावणं थांबतं. परवा ओतूरला बाजाराला गेले तेव्हा कॉलेजावरून रिक्षा गेली. मागच्या खोलीची खिडकी दिसली, तिच्यात आता एसी बसवलाय. भट्टीची ती ऊब कुणाला आठवत असेल? मुलगी परराज्यात नोकरीला आहे. दिवाळीला फोन करते, तिच्या बापाने यंदा किती मोठा मासा धरला ते सांगते. डबा माझ्याकडेच आहे. पुढे कधीतरी तो पुन्हा भरून घेऊन आली होती, आणि मग न्यायला विसरली.

तिच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मी होते. बाहेरगावचे परीक्षक आले होते, टक्कल पडलेले, हळू बोलणारे. आदल्या दिवशी सरांनी मुलीला बजावताना मी ऐकलं होतं. ते म्हणाले, "पोटॅश कसं सुचलं असं विचारलं तर वाचनातून म्हणायचं. सांडलं, धुतलं, कोंबडी, यातलं काही नको. लोक हसतील. तुझंच नुकसान." त्यांचं खोटं नव्हतं. हसले असतेच.

मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभी होते. पडद्यावर तिचे आकडे, वर-खाली जाणाऱ्या रेघा. तिचे आईबाप शेवटच्या रांगेत, बापाने टोपी मांडीवर ठेवलेली. परीक्षकांनी बरेच प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली, इंग्रजीतून, न अडखळता. मग त्यांनी कागद मिटले आणि मराठीत विचारलं, "सगळं ठीक आहे. पण मँगनीजच्या जोडीला पोटॅश घ्यावं हे तुला सुचलं कसं?"

सरांनी खाली बघितलं. मुलगी पाणी प्यायली. मला वाटलं, वाचनातून म्हणेल, आणि म्हणू दे. मी ट्रे धरून होते, कप वाजू नयेत म्हणून घट्ट.

"सुचलं नाही," ती म्हणाली. "माझ्या गोळ्या सांडल्या होत्या. आमच्या मावशींनी त्या राखेच्या पाण्याने धुतल्या. म्हणून सापडलं."

सगळे हसले. मागे कोणीतरी मोठ्याने हसलं. परीक्षकही हसले, पण आधी थांबलेही तेच. पेन काढून म्हणाले, "राख कशाची? लाकडागणिक पोटॅश बदलतं."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. तिला ते माहीत नव्हतं. कोणीच मला विचारलं नव्हतं.

"बाभळीची," मी दारातून म्हणाले. "च्या घ्या, गार व्हतोय."

त्यांनी चहा घेतला नाही. आधी लिहून घेतलं.